डिस्चार्जनंतरचा रुग्ण

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या, मोडी कागद आणि नकाशे यांच्या सोबतीला रुग्णांचे जुने कागदही जपलेले आहेत. ते दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातले. इंग्रजीत लिहिलेल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आणि विकारग्रस्त डोळ्यांची हाताने रंगवलेली चित्रं त्यांत आहेत. १७९९ च्या तहानंतर राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि या भोसले राजाच्या हाती किल्ला, थोडा परिसर आणि पुष्कळ वेळ उरला. तो वेळ त्यांनी ग्रंथसंग्रहाला आणि वैद्यकाला दिला. धन्वंतरी महाल उभारला. वैद्यांचे अनुभवसिद्ध उपचार गोळा करून तमिळ पद्यात बांधून घेतले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया राजे स्वतः करत, असंही सांगितलं जातं.

या कागदांतली मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. रुग्णाला काय झालं होतं आणि काय उपचार केले एवढ्यावर नोंद थांबत नाही. पुढे त्या डोळ्याचं काय झालं, हेही लिहून ठेवायला हवं असं दोनशे वर्षांपूर्वी तिथे कुणाला तरी वाटलं होतं.

आज तंजावरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, कुंभकोणमच्या वाटेवर पापनाशम लागतं. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातलं हे तालुक्याचं गाव. तिथल्या पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातलं भाताचं प्रचंड कोठार अजून उभं आहे. या मुलखाचं सगळं जगणं भातावर चालतं, हे ते कोठार पाहताच कळतं. इथल्या माणसाला ऑपरेशन करून घ्यायचं असेल तर तो कुंभकोणमला जातो, नाहीतर तंजावरला, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा राजा मिरासदार रुग्णालयात. मिरासदार हा आपल्या ओळखीचा शब्द तिथे रुग्णालयाच्या पाटीवर आहे. सिझेरियन, कुटुंबनियोजन, हर्निया, अपेंडिक्स, मोतीबिंदू ही नेहमीची ऑपरेशन्स. चार-आठ दिवसांनी टाके निघतात, हातात डिस्चार्ज कार्ड पडतं आणि रुग्ण बसने घरी जातो. रुग्णालयाच्या वहीत तो 'बरा होऊन गेला'. त्यानंतर त्याचं काय झालं, हा प्रश्न पापनाशममध्ये, परभणीत किंवा मुंबईतही सहसा कुणी विचारत नाही.

शस्त्रक्रियेच्या सुरक्षेबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा मृत्यूंबद्दल बोलतो. मृत्यूची बातमी होते, चौकशी होते. पण रुग्णालयात काही बिघडलेली बहुसंख्य माणसं जिवंत घरी जातात. जखम चिघळते, चुकीच्या मापाचं औषध जातं, नस दुखावते, पोटात कापसाचा बोळा राहतो, भुलीच्या गुंगीत माणूस पलंगावरून पडून खुब्याचं हाड मोडतं, हलवलं न गेल्याने पाठीला शय्याव्रण होतात. मूळ आजारामुळे झालेला त्रास वेगळा आणि उपचार घेताना पदरात पडलेला वेगळा. या दुसऱ्या प्रकाराला रुग्णसुरक्षेची घटना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की रुग्णसेवा घेताना दहांतल्या एका माणसाला अशी काही ना काही इजा होते. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांतल्या अकरांच्या जखमेत जंतुसंसर्ग होतो, असं याच संघटनेने २०१६ मध्ये नोंदवलं.

अकरा टक्के हा आकडा वाचून आपण पुढे जातो. पण भाताची लावणी करणाऱ्या एका बाईच्या पोटावरची सिझेरियनची जखम चिघळली, तर काय होतं ते पाहू. आधी रोजचं ड्रेसिंग, त्यासाठी रोज बसभाडं, सोबत येणाऱ्याचा रोज बुडलेला. जखम भरते, पण आतल्या थरांचा सांधा कच्चा राहिला तर काही महिन्यांनी टाक्यांच्या जागी फुगवटा येतो. हा चिरेतला हर्निया. लावणी म्हणजे दिवसभर कमरेतून वाकून चिखलात पुढे सरकणं. ते आता होत नाही. डोक्यावर हंडा घेता येत नाही, मूल कडेवर घेता येत नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर सांगतात आणि पहिल्याच ऑपरेशनची धास्ती घेतलेली बाई ते पुढे ढकलत राहते. रुग्णालयाच्या वहीत मात्र तिचं बाळंतपण सुखरूप झालेलं असतं.

जगण्याचा हा दर्जा मोजायचा कसा? त्याची रीत आहे आणि ती अवघड नाही. युरोपातल्या संशोधकांनी १९८७ पासून जमून तयार केलेली 'ईक्यू-फाइव्ह-डी' नावाची एक छोटी प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात पाचच गोष्टी विचारलेल्या असतात: चालता-फिरता येतं का, स्वतःची अंघोळ आणि कपडे स्वतः करता येतात का, नेहमीची कामं करता येतात का, दुखणं किंवा अवघडलेपण किती आहे, आणि मनात चिंता किंवा उदासी किती आहे. नव्या आवृत्तीत प्रत्येकाला पाच पायऱ्यांत उत्तर द्यायचं, म्हणजे माणसाच्या प्रकृतीच्या ३,१२५ वेगवेगळ्या अवस्था त्यातून नोंदता येतात. या अवस्थांना भारतीय लोक स्वतः किती मोल देतात, याचा अभ्यास चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या संशोधकांनी पाच राज्यांत केला आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. साधन आपल्याकडे तयार आहे. पाच प्रश्नांना पाच मिनिटंही लागत नाहीत. ऑपरेशनआधी एकदा, महिन्याने एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा ते विचारले, तर शस्त्रक्रियेने माणसाला काय दिलं आणि काय घेतलं हे कागदावर येईल.

या पाचांतला शेवटचा प्रश्न, मनाचा, आपल्याकडे सगळ्यांत कमी विचारला जातो. इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हिन्सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये, शस्त्रक्रियेत इजा झालेल्या १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही माणसं दाद मागायला पुढे आलेली होती. म्हणजे जास्त होरपळलेली, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही निष्कर्ष हादरवणारे होते. मोठ्या अपघातातून गेलेल्या किंवा घरातलं माणूस गमावलेल्या लोकांपेक्षा यांचा मानसिक त्रास जास्त होता. वर्ष उलटून गेल्यावरही दुखणं कायम होतं. अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. काय झालं याचा नीट खुलासा ज्यांना मिळाला नव्हता, त्यांना त्या आठवणी अधिक छळत होत्या आणि नव्या परिस्थितीशी जुळवून घेणं अधिक जड जात होतं. पुढच्याच वर्षी व्हिन्सेंट यांनी २२७ रुग्ण आणि नातेवाईकांना विचारलं की तुम्ही कोर्टात का गेलात. पैसा हे एक कारण होतंच. पण नक्की काय घडलं ते कळावं, कुणीतरी जबाबदारी घ्यावी आणि दुसऱ्या कुणावर अशी वेळ येऊ नये, ही कारणं ठळक होती.

याचा अर्थ असा की इजा दोनदा होते. पहिली ऑपरेशन टेबलावर. ती अनेकदा अनवधानाने होते, आणि चांगल्या डॉक्टरच्या हातूनही होऊ शकते. दुसरी वॉर्डात होते, जेव्हा रुग्णाला 'असं होतं कधी कधी' म्हणून गप्प केलं जातं. ही दुसरी इजा टाळणं शंभर टक्के माणसांच्या हातात आहे आणि म्हणून तिला माफी नसावी, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याच भागातली एक घटना या संदर्भात प्रत्येक रुग्णालयाने वाचावी अशी आहे. जुलै १९६३. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी, १३ जुलैला, तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. लगेच ताप चढला, पोटात असह्य दुखू लागलं. दुखणं वाढत गेलं तरी सहा दिवस गेले. १९ जुलैला पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत मॉप, म्हणजे रक्त टिपण्याचा जाड कापडी घडीचा तुकडा, राहिलेला सापडला. पोटात पू झाला होता. २४ जुलैला ती गेली. मागे नवरा आणि लहान मुलं. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई दिली, ती उच्च न्यायालयाने रद्द केली. दवाखाना चालवणं हे सरकारचं सार्वभौम काम आहे की नाही, कुठल्या डॉक्टरची नेमकी कुठली चूक सिद्ध झाली, असे मुद्दे पुढे आले. अखेर २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३६,००० चा तो निर्णय पुन्हा कायम केला. रुग्णालय चालवणं हे लोककल्याणाचं काम आहे, तिथे सरकारला हात झटकता येत नाहीत, आणि पोटात मॉप राहिला ही गोष्टच निष्काळजीपणा सांगायला पुरेशी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. भारतातल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत हा निकाल आजही आधाराला घेतला जातो.

तेहतीस वर्षं. ती लहान मुलं निकाल लागला तेव्हा तिशी ओलांडलेली होती. ज्या इजेने एक जीव गेला तिने एका घराचं किती आयुष्य खाल्लं, याचा हिशेब ३६,००० रुपयांत कसा मावणार?

आता हा मॉप राहतो कसा, ते पाहणं गरजेचं आहे. पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला गॉजचे तुकडे आणि मॉप भराभर वापरले जातात. रक्ताने भिजला की तुकडा आतल्या अवयवांच्याच रंगाचा होतो आणि आतड्यांच्या घड्यांत दिसेनासा होतो. म्हणून सिस्टरनी ऑपरेशनआधी, पोट शिवण्याआधी आणि शेवटी अशी मोजणी करायची असते. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागाही विणलेला असतो. तरीही चूक होते. बोस्टनमध्ये अतुल गवांदे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत राहिलेल्या वस्तूंपैकी दोन तृतीयांशांहून जास्त वस्तू मॉप किंवा गॉजच होत्या. सदतीस जणांना पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. तातडीच्या ऑपरेशनमध्ये हा धोका सुमारे नऊ पटींनी वाढतो आणि ऐनवेळी बेत बदलावा लागला तर चार पटींनी. आणि सर्वांत धक्कादायक गोष्ट: ज्यांच्यात मोजणी झाली होती, त्यांतल्या ८८ टक्के वेळा मोजणी 'बरोबर' भरली होती. म्हणजे आळशी किंवा बेपर्वा माणसं होती म्हणून चूक झाली, हे उत्तर पुरत नाही. घाईत, दमलेल्या अवस्थेत, चांगली माणसंही चुकीची बेरीज करतात. त्यांच्या भोवती दुसरं कुंपण लागतं.

अतुल गवांदे हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. त्यांचे वडील आत्माराम गवांदे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे, अमेरिकेत मूत्ररोगांचे शल्यचिकित्सक झाले. अतुल यांचा जन्म १९६५ मध्ये ब्रुकलिनचा. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या नेतृत्वाखाली २००८ मध्ये शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी तयार झाली. तिच्यात एकोणीस बाबी आहेत आणि त्या तीन थांब्यांवर मोठ्याने बोलायच्या असतात: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी. रुग्ण हाच ना, बाजू हीच ना, ॲलर्जी आहे का, प्रतिजैविक औषध तासाभरात दिलं का, मॉप आणि उपकरणांची मोजणी जुळली का. नवी दिल्ली, मनिला, अम्मान, टांझानियातलं इफाकारा, लंडन, टोरंटो, सिॲटल आणि ऑकलंड अशा आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निकाल छापून आला. मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली.

यादीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बाब औषधाची नाही. चिरा घेण्याआधी थिएटरमधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, ही ती बाब. आपल्याकडे थिएटरमध्ये सर बोलतात आणि बाकीचे ऐकतात. ज्या सिस्टरने एकदा आपलं नाव मोठ्याने उच्चारलं, ती पुढे 'सर, एक मॉप कमी भरतोय' म्हणायला धजते. पण यादीची जादूची कांडी करू नये. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांना ती सक्तीची केली तेव्हा मृत्यू किंवा गुंतागुंत फारशी घटली नसल्याचं २०१४ मध्ये दिसून आलं. कागदावर बरोबरच्या खुणा झाल्या, संवाद झाला नाही, हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

डोळ्यांच्या बाबतीत इजा एका दिवसात माणसाचं सगळं जगणं उलटंपालटं करते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ही जगातल्या सर्वांत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक. पण एका सत्रात अनेकांवर ती होते, त्यामुळे द्रव, उपकरण किंवा थिएटर दूषित असेल तर संसर्ग एकाला होऊन थांबत नाही. २००८ च्या जुलैत तामिळनाडूच्याच विळुप्पुरम जिल्ह्यात कडुवनूर गावी नेत्रशिबिर भरलं. त्या शिबिरातून ऑपरेशनसाठी नेलेल्यांपैकी ६६ गावकऱ्यांची दृष्टी गेली. २०१९ च्या जानेवारीत मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिका रुग्णालयात सात जणांवर ऑपरेशन झालं. संसर्ग झाला आणि पाच जणांना एका डोळ्याची दृष्टी गमवावी लागली. धूसर का होईना, दिसत होतं त्या डोळ्याने माणूस आत गेला आणि काळोख घेऊन बाहेर आला. त्याच्या गावात पुढची दहा वर्षं शिबिराला कोण येईल? एका घटनेची इजा अशी शेजाऱ्यांपर्यंत पोचते. मोतीबिंदू असलेला शेजारी ऑपरेशन टाळतो आणि टाळता येण्याजोगं आंधळेपण पत्करतो.

मग करायचं काय? बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यचिकित्सकाने शंभर वर्षांपूर्वी उत्तर दिलं होतं. प्रत्येक रुग्णाचा माग निदान वर्षभर ठेवा, तो खरंच बरा झाला का पाहा, झाला नसेल तर का नाही ते लिहा आणि ते जाहीर करा. तो काम करत होता त्या मोठ्या रुग्णालयाने हे मानलं नाही. मग त्याने स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांच्या बाबतीत झालेल्या १२३ चुका छापून इतर रुग्णालयांना पाठवल्या. व्यवसायात त्याला त्याची किंमत मोजावी लागली. आज शस्त्रक्रियेच्या दर्जाचा विचार करणारे त्यालाच आद्य मानतात.

तामिळनाडूकडे यासाठी परदेशाचं उदाहरण शोधायचीही गरज नाही. मातामृत्यूच्या प्रत्येक घटनेची चौकशी करायची, त्यासाठी घरच्यांना भेटायचं आणि कुठे उशीर झाला, कुठे चुकलं ते जिल्हा पातळीवर उघड बोलायचं, ही पद्धत या राज्याने १९९० च्या दशकात बसवली. देशाने पुढे ती उचलली. त्याच यंत्रणेतल्या गावपातळीवरच्या नर्सबाई बाळंतिणीच्या घरी जातातच. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या घरी तिसाव्या दिवशी जाऊन ते पाच प्रश्न विचारणं हे त्याच रस्त्यावरचं पुढचं पाऊल आहे. मृत्यूची चौकशी करायला शिकलेल्या व्यवस्थेने जगलेल्यांचीही चौकशी करावी. महाराष्ट्रातल्या आरोग्य सेविकांनाही ते जमण्यासारखं आहे.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रुग्णालयांवर हल्ले होत असताना, 'आमच्याकडून चुकलं' हे वाक्य उच्चारणं धोक्याचं वाटतं, हे खोटं नाही. म्हणूनच घटना नोंदवणाऱ्याला शिक्षा होणार नाही आणि लपवणाऱ्याला होईल, असा नियम रुग्णालयात आधी रुजवावा लागतो. खुलासा देणारं रुग्णालय आणि ऐकून घेणारं कुटुंब, दोन्ही एकाच वेळी घडवावी लागतात.

आणि वाचकांना एक सांगणं. तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं तर आधी विचारा: कुठल्या बाजूचं, कुठली भूल, सुरक्षा यादी वापरता का. ॲलर्जी आणि चालू औषधं न विचारता सांगा. डोळ्यात भिंग किंवा सांध्यात कृत्रिम भाग बसवला तर त्याचं स्टिकर केसपेपरवर लावून घ्या. घरी आल्यावर ताप, पू, वाढतं दुखणं, डोळ्याची लाली किंवा अंधुक दृष्टी यांतलं काहीही दिसलं तर तपासणीच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी परत जा. आणि काही बिघडलंच, तर भांडणाआधी केसपेपरची प्रत लेखी अर्जाने मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षं जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात.